आधी गिऱ्हाईक, मग मशीन



“सर, माझ्याकडे दीड लाख आहेत. कोणतं मशीन घेऊ?” धंदा सुरू करायचा म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. काय विकू, कुणाला विकू, तो माणूस माझ्याकडून का घेईल, हे प्रश्न नंतर येतात. कधी कधी येतच नाहीत.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. छोट्या धंद्यात मशीन ही सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू आहे. आधी गिऱ्हाईक, मग माल, मग नियमित मागणी आणि ती मागणी हाताने पुरी होईनाशी झाली की मग मशीन. हा क्रम उलटा केला की घरातलं सोनं, एफडी किंवा बचतगटाचं कर्ज एका लोखंडी वस्तूत अडकतं आणि ती वस्तू पडवीत ताडपत्रीखाली झाकून राहते. जुन्या वस्तू विकण्याच्या ॲपवर जाऊन ‘मशीन’ असा शब्द टाकून बघा. ‘एकदम नवीन, फक्त दोन महिने वापरलेलं’ अशा जाहिराती दिसतील. त्या नीट वाचा. मशीन नवीन आहे आणि धंदा बंद आहे, याचा अर्थ बिघाड मशीनमध्ये नव्हता.

दुसरी गोष्ट. घरासाठी फ्रीज घ्यायचा असेल तर आपण चार दुकानं फिरतो, शेजारणीला विचारतो, स्टार बघतो, वॉरंटी विचारतो, शेवटी दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो. पण लाखाचं मशीन घेताना एक व्हिडिओ बघतो, एक डेमो बघतो आणि टोकन देऊन येतो. का? कारण फ्रीज घेताना आपण गिऱ्हाईक असतो आणि मशीन घेताना आपल्याला वाटतं की आपण आता उद्योजक झालो. तसं नाही. मशीनच्या शोरूममध्ये तुम्ही गिऱ्हाईकच असता. म्हणून हा लेख धंद्याचा कमी आणि शहाण्या गिऱ्हाइकाचा जास्त आहे.

विकणाऱ्याचा धंदा ओळखा

मशीन विकणारा वाईट माणूस असतो असं माझं म्हणणं नाही. प्रामाणिक विक्रेते भरपूर आहेत. पण त्याचा धंदा मशीन विकण्याचा आहे, पापड किंवा मसाला विकण्याचा नाही. त्याचा नफा तुम्ही चेक दिलात त्या दिवशी पूर्ण झाला. तुमचा नफा त्या दिवशी सुरूसुद्धा झालेला नसतो. त्यामुळे “दिवसाला दोन हजार सहज सुटतात” हे वाक्य त्याच्या तोंडून आलं तर ते जाहिरात समजायचं, हिशेब समजायचा नाही.

त्याला एकच प्रश्न विचारा: “माझ्या तालुक्यात तुमचं मशीन एक वर्षापूर्वी घेतलेल्या तीन जणांचे नंबर द्या.” एक महिन्यापूर्वी घेतलेले चालणार नाहीत, त्यांचा उत्साह अजून ताजा असतो. वर्षभर चालवलेला माणूस तुम्हाला सुटे भाग कुठे मिळतात, मेकॅनिक किती दिवसांनी येतो आणि माल खपतो की नाही, हे पाच मिनिटांत सांगेल. जमलं तर फोन न करता प्रत्यक्ष जा. मशीनवर धूळ आहे की पीठ, ते बघून या.

“माल आम्हीच परत घेऊ”

आता सगळ्यात नाजूक विषय. कापसाच्या वाती, अगरबत्ती, द्रोण-पत्रावळी, पेपर प्लेट, पेन्सिल. वस्तू बदलते, गोष्ट तीच असते. “मशीन आमच्याकडून घ्या, कच्चा माल आम्ही देऊ, तयार माल आम्हीच परत घेऊ. घरबसल्या कमाई.” ऐकायला गोड वाटतं, कारण धंद्यातलं सगळ्यात अवघड काम, म्हणजे विक्री, ते तुमच्या डोक्यावरून उतरवतात.

इथे थोडा विचार करा. तयार मालाला खरोखर एवढी मागणी असेल आणि त्यात एवढा नफा असेल, तर त्या कंपनीने एक शेड भाड्याने घेऊन तीच पन्नास मशीनं तिथे का लावली नसती? कामगार ठेवले असते, माल एका जागी तयार झाला असता, गाडीभाडं वाचलं असतं, दर्जावरही नजर राहिली असती. त्याऐवजी ती पन्नास मशीनं पन्नास घरांत का विकते? बऱ्याच वेळा उत्तर सरळ असतं. नफा वातीत नसतो, मशीनमध्ये असतो.

अशा योजना फसतात तेव्हा साधारण एकाच पायरीने फसतात. पहिले एक-दोन लॉट वेळेवर उचलले जातात आणि पैसेही मिळतात. त्या आनंदात तुम्ही चार नातेवाइकांना सांगता. मग “माल क्वालिटीत बसत नाही” सुरू होतं. मग “पुढच्या महिन्यात गाडी पाठवतो”. मग फोन लागत नाही.

सगळ्याच कंपन्या अशा असतात का? नाही. पण खरी कोण आणि खोटी कोण, हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. कंपनीला सांगा: “मशीनचे निम्मे पैसे आत्ता देतो. उरलेले निम्मे तुम्ही माझा जो माल परत घेणार आहात, त्याच्या बिलातून सहा महिन्यांत वळते करून घ्या.” ज्याला स्वतःच्या खरेदीची खात्री आहे, तो यावर निदान बोलायला बसेल. ज्याला नाही, तो ऑफर आज रात्रीच संपते आहे असं सांगेल.

करार देत असतील तर सही करण्याआधी चार गोष्टी त्यात शोधा. माल चांगला की वाईट हे कोण ठरवणार आणि कोणत्या मापाने? माल दिल्यापासून किती दिवसांत पैसे मिळणार? दर किती काळ तोच राहणार? आणि कंपनीने माल घेणं बंद केलं तर मशीन किती रुपयांना परत घेणार? या चारपैकी एकाचंही उत्तर कागदावर नसेल, तर ‘परत घेऊ’ हे फक्त तोंडचं वाक्य आहे. स्टॅम्प पेपरवर छापलं म्हणून ते वजनदार होत नाही.

आता कागद-पेन घ्या

उदाहरणासाठी मिरची पावडर आणि मसाल्याचा धंदा घेऊ, कारण तो आपल्याकडे घराघरांत सुरू होतो. आकडे मी समजुतीसाठी गोल धरलेत. तुम्ही तुमच्या गावचे टाका.

समजा, गल्लीतला कांडपवाला किलोला ४० रुपये मजुरी घेतो. स्वतःचं मशीन असेल तर वीज, देखभाल आणि मदतनीस धरून तेच काम किलोला १५ रुपयांत होतं. म्हणजे स्वतःच्या मशीनमुळे किलोमागे २५ रुपये वाचतात. लक्षात घ्या, मशीन तुम्हाला एवढंच देतं. गिऱ्हाईक देत नाही, चव देत नाही. फक्त २५ रुपये वाचवतं.

मशीनची किंमत समजा १ लाख. १ लाख भागिले २५, म्हणजे ४,००० किलो. एवढा माल विकल्यावर मशीनचे पैसे वसूल होतील. तुम्ही महिन्याला ६० किलो विकत असाल तर साडेपाच वर्षं लागतील. ३०० किलो विकत असाल तर तेरा-चौदा महिन्यांत वसूल. मशीन तेच, किंमत तीच. एका घरात तो मूर्खपणा आहे आणि दुसऱ्या घरात शहाणपणा. फरक फक्त गिऱ्हाइकांचा आहे.

मशीन कर्जावर घेतलं तर? १ लाख रुपये, १२ टक्के व्याज, तीन वर्षांची मुदत. हप्ता येतो साधारण ३,३२० रुपये. २५ रुपयांच्या बचतीतून तो फेडायचा तर महिन्याला १३३ किलो विक्री हवी, तीही पहिल्या महिन्यापासून. ६० किलोच विकत असाल तर बचत होते १,५०० रुपये आणि उरलेले १,८२० रुपये दर महिन्याला घरखर्चातून जातात. मुलाच्या क्लासच्या फीमधून, सासूबाईंच्या औषधांमधून. ‘धंदा तोट्यात गेला’ असं आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात हे घडत असतं. मसाला चांगलाच होता, पण हप्ता आधी आला आणि गिऱ्हाईक मागून.

माझा स्वतःचा नियम असा आहे: आजच्या विक्रीवर मशीनची किंमत दीड वर्षात वसूल होत असेल तर घ्या. ‘पुढे वाढेल’ अशा विक्रीवर नाही, आजच्या. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर अजून थांबा आणि तेच पैसे पाकिटं, नमुने आणि फिरण्यावर खर्च करा.

मशीनशिवाय धंदा कसा करायचा?

मजुरीवर काम करून घ्यायचं. मिरची कांडपवाल्याकडे, पीठ गिरणीवाल्याकडे, तेल घाण्यावर. शहरात पल्व्हरायझरवाले जॉबवर्क करतात. मोठमोठ्या कंपन्याही बाहेरून माल करून घेतात, मग आपल्याला त्यात कमीपणा कसला?

“पण सर, माझा फॉर्म्युला फुटेल!” फुटत नाही. निवडणं, वाळवणं, भाजणं आणि प्रमाण हे घरी ठेवा. मिरची वेगळी कुटून आणा, धने वेगळे, खडा मसाला वेगळा. मिसळायचं घरी. कांडपवाल्याला मिरची दिसेल, तुमचा मसाला दिसणार नाही.

“पण क्वालिटी?” समोर उभं राहून करून घ्या. आधीच्या गिऱ्हाइकाचा माल मशीनमध्ये अडकलेला असतो, म्हणून सकाळी पहिला नंबर लावा, मशीन साफ करून घ्या आणि पहिला थोडा माल बाजूला काढा. कुटताना माल फार तापला तर वास उडतो, हेही तिथे उभं राहिल्यावर हाताला कळतं. तीन महिने असं उभं राहिलात की कोणतं मशीन चांगलं आणि कोणतं नुसतं चकचकीत, हे मला विचारावं लागणार नाही.

एक सूचना. बाहेरून कुटून आणलं तरी विकणारे तुम्ही आहात. त्यामुळे एफएसएसएआयची नोंदणी तुमच्या नावाने लागते आणि तिचा १४ अंकी नंबर पाकिटावर येतो. अर्ज फॉसकॉस पोर्टलवर होतो. पाकिटावर निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, तयार केल्याची तारीख, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क हेही हवं. मशीन नसेल तर चालतं, हे नसेल तर चालत नाही. आणि गंमत बघा, हे सगळं मशीनपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

काही जण मिक्सरवर सुरुवात करतात. पहिल्या पाच-दहा किलोंसाठी ठीक आहे. पण घरगुती मिक्सर सलग चालवण्यासाठी बनवलेला नसतो. किती मिनिटं चालवायचा आणि किती वेळ थांबवायचा, हे त्याच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. वॉरंटी कार्डही वाचा. व्यावसायिक वापर केल्यास वॉरंटी लागू नाही, अशी ओळ बहुतेक कार्डांवर बारीक अक्षरांत असते.

घ्यायची वेळ आलीच, तर हे तपासा

समजा, गणित जमलं. महिन्याला ३०० किलोंची मागणी आहे, कांडपवाल्याकडे रांग लागते आहे, ऑर्डरी परत जात आहेत. आता मशीन घ्या, बिनधास्त घ्या. पण तपासून.

पहिलं, स्वतःचा माल घेऊन डेमोला जा. दुकानदार त्याची सुकी, सोपी मिरची टाकून दाखवतो. तुम्ही तुमची पाच किलो घेऊन जा आणि घड्याळ लावा. ‘तासाला ५० किलो’ असं पत्रकात लिहिलेलं असतं. तुमच्या मालाचे, तुम्हाला हवे तितके बारीक, तासाला किती होतात ते बघा. मशीन निदान अर्धा तास सलग चालू ठेवायला सांगा. पाच मिनिटांत सगळीच मशीनं छान चालतात.

दुसरं, मोटरची पाटी वाचा. मोटरवर एक छोटी धातूची पाटी असते. एचपी किती, व्होल्टेज किती, आरपीएम किती हे त्यावर असतं. ‘ड्यूटी’पुढे एस१ लिहिलं असेल तर मोटर सलग चालण्यासाठी बनवलेली आहे. पाटीच नसेल किंवा नुसता कागदी स्टिकर असेल, तर सावध व्हा. वाइंडिंग तांब्याचं की ॲल्युमिनियमचं, हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

तिसरं, वीज. १ एचपी म्हणजे ७४६ वॉट. ३ एचपीची मोटर पूर्ण भारावर तासाला साधारण सव्वादोन युनिट, प्रत्यक्षात त्याहून थोडी जास्त वीज खाते. हा खर्च किलोवर आणा. सिंगल फेज की थ्री फेज, घराचा मंजूर भार किती आणि घरगुती मीटरवर हे मशीन चालवता येतं का, हे आधी महावितरणच्या कार्यालयात विचारा. मशीन टेम्पोतून उतरल्यावर हा प्रश्न विचारणारे मी पाहिलेत. तोवर उशीर झालेला असतो.

चौथं, स्टील. अन्नाला लागणारा भाग एसएस ३०४ आहे असं विक्रेता सांगतो आणि लोहचुंबक लावून दाखवतो: “बघा, चिकटत नाही!” ही परीक्षा अर्धवट आहे. स्वस्त २०२ ग्रेडच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. म्हणजे चुंबक चिकटला तर ते ३०४ नसण्याचीच शक्यता जास्त, पण चिकटला नाही म्हणून ते ३०४ ठरत नाही. २०२ मीठ-मसाल्याला ३०४ पेक्षा लवकर डागाळतं आणि गंजतं. उपाय सोपा आहे, बिलावर ‘एसएस ३०४’ असं लिहून घ्या. जो लिहून देत नाही, त्याचा चुंबक खिशातच राहू द्या.

पाचवं, सुरक्षितता. ही गोष्ट डेमोत कुणी दाखवत नाही, म्हणून मी जोर देऊन सांगतो. बेल्ट आणि पुलीवर जाळीचं किंवा पत्र्याचं कव्हर हवंच. साडीचा पदर, ओढणी, वेणी, बांगड्या बेल्टमध्ये ओढल्या जातात आणि मग क्षणाचाही वेळ मिळत नाही. घरात लहान मुलं असतील तर मशीनला कुलूप लागेल अशी वेगळी खोली हवी. अर्थिंग नीट करून घ्या, आरसीसीबी बसवा आणि बंद करायचं बटण उभं राहून हाताला येईल अशा जागी घ्या. मिरचीची धूळ रोज छातीत जाऊ द्यायची नाही. मास्क लावा, धूळ गोळा करणारी पिशवी किंवा सायक्लोन मशीनबरोबरच घ्या. पाच हजार वाचवायला कव्हर आणि अर्थिंग टाळणं याला मी काटकसर म्हणत नाही.

सहावं, वजनकाटा. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा विक्रीसाठी चालत नाही. व्यापारासाठीचा काटा वैधमापन विभागाने पडताळून मुद्रांकित केलेला असावा लागतो आणि मुदत संपली की पुन्हा पडताळून घ्यावा लागतो. काटा घेतानाच पडताळणीचं प्रमाणपत्र मागा. पाकिटात दहा ग्रॅम कमी भरलं गेलं तर गिऱ्हाईक काट्याला दोष देत नाही, तुम्हाला देतं.

“बिल नको, जीएसटी वाचेल”

हे वाक्य ऐकलं की दुकानाबाहेर पडा. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही, तक्रार नाही, कर्ज नाही, अनुदान नाही. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर मशीनवर भरलेला कर नियमांनुसार पुढे वळता करून घेता येतो. त्यासाठी बिलावर तुमचा जीएसटी नंबर हवा. नोंदणी नसेल किंवा कंपोझिशन योजनेत असाल तर ती वजावट मिळत नाही. मग कर हा किमतीचाच भाग धरा आणि वरच्या गणितात मिळवा. पैसे खात्यातून किंवा यूपीआयने द्या. रोख द्यावेच लागले तर पावती घ्या. मॉडेल, अनुक्रमांक, मोटरचा एचपी, स्टीलचा ग्रेड आणि वॉरंटीचे महिने हे सगळं बिलावर हवं.

अनुदान मिळतंय म्हणून?

पीएमएफएमई योजनेत अन्नप्रक्रिया उद्योगाला पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे. पीएमईजीपीमध्ये गट आणि ठिकाणानुसार १५ ते ३५ टक्के आहे. योजना चांगल्या आहेत, त्यांचा फायदा जरूर घ्या. सध्या अर्ज सुरू आहेत का, हे जिल्हा उद्योग केंद्रात किंवा कृषी कार्यालयात विचारून घ्या.

पण दोन गोष्टी समजून घ्या. एक, हे अनुदान कर्जाशी जोडलेलं आहे. ते तुमच्या हातात रोख येत नाही. बँकेत बाजूला ठेवलं जातं आणि युनिट नीट चालू राहिलं, हप्ते गेले, तर ठरलेल्या मुदतीनंतर कर्जात जमा होतं. युनिट बंद पडलं तर अनुदान अडकतं, कर्ज मात्र राहतं. दोन, ३५ टक्के सरकार देतंय म्हणून दोन लाखांच्या गरजेला सहा लाखांचं मशीन घेणं म्हणजे सवलत आहे म्हणून नको असलेली साडी घेण्यासारखं आहे. सहा लाखांतले ३५ टक्के वजा केले तरी ३ लाख ९० हजार तुमचेच जातात. आणि “कोटेशन जरा वाढवून देतो, तुमचा हिस्सा त्यातच बसेल” असं कुणी म्हणालं, तर तो तुम्हाला धंद्यात नाही, अडचणीत घालतोय.

फसवणूक झालीच, तर कायदा तुमच्या बाजूने आहे

बऱ्याच जणांना वाटतं की ग्राहक आयोग फक्त घरगुती खरेदीसाठी असतो आणि धंद्यासाठी मशीन घेतलं की तक्रार करता येत नाही. हा गैरसमज आहे आणि विक्रेते त्याचा फायदा घेतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सांगतो की व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक धरला जात नाही. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात असंही आहे की जी वस्तू माणूस स्वतः वापरतो आणि केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतो, ती ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही. १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा उलगडून सांगितला होता. स्वतः मशीन चालवून पोट भरणाऱ्याने एक-दोघांची मदत घेतली म्हणून तो ग्राहक राहत नाही असं नाही. मोठा कारखाना काढून कामगारांकडून चालवणं ही मात्र वेगळी गोष्ट.

म्हणजे घरात एक मशीन लावून स्वतः चालवणाऱ्या ताईला आणि दादाला दार उघडं आहे. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यातून सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनी दुसऱ्या राज्यात असली तरी. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही करता येते. मुदत दोन वर्षांची, म्हणून “पुढच्या महिन्यात बघतो”वर वर्ष घालवू नका. आणि हे सगळं उभं राहतं ते बिल, करार, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरच्या बोलण्यावर. म्हणून जे ठरलं ते घरी आल्यावर व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा: “आज ठरल्याप्रमाणे…” त्याने ‘हो’ म्हटलं की तुमच्याकडे लेखी पुरावा झाला.

मशीन आधी घ्यावंच लागतं, अशा जागा

असतात. शिवणकाम शिकलेल्या ताईला शिलाई मशीन आधीच लागेल. गावात गिरणी नाही आणि लोक चार किलोमीटर डबा घेऊन जातात, तर गिरणी आधी येईल, कारण गिऱ्हाईक तिथे आधीच उभं आहे. बघा, इथेही क्रम तोच राहिला. तरीही तिथेसुद्धा वापरलेलं चांगलं मशीन मिळतं का, भाड्याने मिळतं का, हे आधी बघा. दुसऱ्याने घाईत घेतलेलं मशीन तुम्हाला निम्म्या किमतीत मिळू शकतं.

आता या आठवड्याचं काम. मशीनचे व्हिडिओ बघणं सात दिवस बंद. घरी दोन किलो माल करा, शंभर ग्रॅमची वीस पाकिटं भरा आणि ती नातेवाइकांना फुकट न वाटता ओळख नसलेल्या वीस घरांत पूर्ण किमतीला विका. वहीत नाव, तारीख आणि पैसे लिहा. पंधरा दिवसांनी त्यातल्या किती जणांनी पुन्हा मागितलं, तो आकडा त्यांच्यासमोर लिहा. वीसपैकी दोन असतील तर चवीवर काम करा. दहा असतील तर आणखी शंभर घरं करा. हा आकडा घेऊन बँकेत गेलात तर मॅनेजरही तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलेल, आणि मशीनच्या दुकानात गेलात तर भाव तुम्ही ठरवाल.

वही आजच आणा. चाळीस रुपयांत मिळते.